काटा अडला, पट्टा सैल झाला : वजन उतरवताना व्यायामाने अंगाचा आकार कसा बदलतो आणि तो कसा मोजायचा

वजनाचा व्यायाम सुरू केला, खाणं आवरलं, तीन आठवडे नेमाने गेले, आणि काटा अर्धा किलो वर दाखवतो. बरेच जण इथंच जिम सोडतात. खरं तर या तीन आठवड्यांत शरीरात दोन-तीन गोष्टी उलट दिशांनी चाललेल्या असतात आणि काटा त्यांची फक्त गोळाबेरीज दाखवतो. चरबी किती गेली, स्नायू किती टिकले, पाणी किती साठलं, हे वेगवेगळं सांगणं त्याला जमत नाही. त्यासाठी टेलरची टेप, एक वही आणि आपण किती वजन उचलतो याची नोंद, एवढं लागतं.

‘स्नायू जड, चरबी हलकी’ यात खरं किती?

जिमच्या भिंतीवर एक चित्र हमखास असतं. एकीकडे चरबीचा मोठा पिवळा गोळा, दुसरीकडे त्याच्या तिसरा हिस्सा स्नायूचा लाल गोळा, आणि दोन्हींचं वजन सारखं. ते चित्र चुकीचं आहे. एक लिटर चरबी सुमारे ९०० ग्रॅम भरते आणि एक लिटर स्नायू सुमारे १,०६० ग्रॅम. म्हणजे सारख्या वजनाला स्नायू पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी जागा घेतात, तिप्पट नव्हे.

मग आकार बदलतो तो कशामुळे? आकडे मांडूनच पाहू. ८२ किलोची दोन माणसं चार महिन्यांत ६-६ किलो उतरली. पहिल्याने फक्त खाणं कमी केलं. अशा उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबी सोडून बाकीच्या ऊतींचा असतो, म्हणून त्याची ४.५ किलो चरबी आणि १.५ किलो स्नायू वगैरे गेले असं धरू. दुसऱ्याने सोबत वजनाचा व्यायाम केला. तो नवशिका होता, त्यामुळे त्याची ७ किलो चरबी गेली आणि १ किलो स्नायू वाढला. अंगाची जागा मोजली तर पहिला ६.४ लिटरने कमी झाला आणि दुसरा ६.८ लिटरने. फरक अर्ध्या लिटरचाही नाही.

फरक आहे तो जागेचा. दुसऱ्याचं जे गेलं ते पोट, पाठीच्या वळ्या आणि कुशीतून गेलं, आणि जे आलं ते खांदे, पाठ, मांड्या, नितंबांवर आलं. पहिल्याचं पोट थोडं उतरलं, पण खांदे आणि मांड्याही उतरल्या. गावात लोक ज्याला ‘काय रे, वाळलास की! बरं नाही काय?’ म्हणून थांबवतात, तो बहुतेक हा पहिला असतो.

याच हिशेबात काटा हळू उतरण्याचंही कारण आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. एक किलो स्नायूत पाणीच जास्त, त्यामुळे त्यात दोन हजारही भरत नाहीत. खाण्यात रोज तेवढीच कपात असेल तर ज्याची निव्वळ चरबी जाते त्याचा काटा हळूच उतरणार, कारण प्रत्येक किलोमागे त्याला जास्त ऊर्जा खर्चावी लागते. शेजारच्याचा काटा भराभर पडतोय म्हणून आपलं चुकतंय असं धरू नका.

आपल्या लोकांना हे जास्तच लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण त्या दोन आकड्यांत दिसते. अशा माणसाने फक्त उपास-तापास करून वजन उतरवलं तर आधीच कमी असलेले स्नायू आणखी कमी होतात. म्हणून भारतीयांसाठी वजनापेक्षा कमरेचा घेर महत्त्वाचा धरतात. पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमीच्या वर गेला की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. आणखी सोपं गणित म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी.

टेप कशी लावायची

मोजण्यात होणारी चूक बहुधा दोन-तीन सेंमीची असते, आणि महिन्याभरात खरा फरकही तेवढाच पडतो. त्यामुळे इथे काटेकोर राहावंच लागतं.

टेप नवी घ्या. वापरून जुनी झालेली कापडी टेप ताणली जाते आणि घेर कमी दाखवते. शाळेच्या पोलादी पट्टीला लावून पहिले ३० सेंमी जुळतात का, ते आधी पाहा.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी मोजा. आदल्या दिवशी पाय किंवा पाठीचा जोराचा व्यायाम झाला असेल तर एक दिवस थांबा, कारण स्नायू सुजलेले असतात.

कंबर मोजायची जागा पँट बांधतो ती नव्हे. कुशीत बोट दाबून शेवटची बरगडी शोधा, मग खाली खुब्याच्या हाडाची वरची कड शोधा. दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा. टेप तिथून जमिनीला समांतर फिरवा. मागच्या बाजूला ती घसरते, म्हणून आरशात बघा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. पोट आत ओढू नका. सहज श्वास सोडा आणि तो संपताना आकडा वाचा. टेप कातडीला टेकलेली असावी, रुतलेली नसावी. दोनदा मोजा. एक सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजून जवळचे दोन धरा.

बेंबीवरचा घेर वेगळा लिहा, कारण पोट सुटलेल्या माणसात तो कमरेपेक्षा मोठा असतो आणि आधी हलतो. मग टेलर ज्याला सीट म्हणतात तो नितंबांचा सर्वांत रुंद घेर, उजवी मांडी खुबा आणि गुडघ्याच्या मध्यावर, उजवा दंड खांदा आणि कोपराच्या मध्यावर हात सैल सोडून, आणि छाती. मांडी-दंडाला मध्य ठरवताना हाडापासून किती सेंमीवर टेप लावली ते लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी जागा चुकत नाही.

फोटो महिन्यातून एकदाच काढा. जागा, खिडकी आणि वेळ तीच ठेवा. मोबाइल बेंबीच्या उंचीला, दोन मीटरवर स्टुलावर ठेवा. समोरून, बाजूने आणि पाठीमागून असे तीन फोटो घ्या. पाठीचा फोटो टाळू नका. पाठ आणि खांदे पहिल्यांदा बदललेले दिसतात ते तिथेच, आणि आरशात आपल्याला पाठ कधी दिसत नाही.

जिममध्ये चरबीची टक्केवारी सांगणारं मशीन असतं. ते पायांतून हलका विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतं आणि शरीरातल्या पाण्याप्रमाणे त्याचा आकडा बदलतो. दोन ग्लास पाणी, घाम, पाळी, सगळ्यांनी तो हलतो. एका आकड्यावर काही ठरवू नका.

पहिले चार महिने काय काय होतं

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ताकद पटकन वाढते. ही वाढ बहुतेक मेंदू-मज्जातंतूंची असते, स्नायू अजून फारसे वाढलेले नसतात. स्नायूत ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, जास्त साठतं आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वर ठणक आणि हलकी सूज असते ती वेगळीच. त्यामुळे काटा एक-दीड किलो वर गेला तरी ते पाणी आहे. गावच्या लक्ष्मी यात्रेच्या किंवा लग्नसराईच्या आठवड्यातही असंच होतं. मटणाचा रस्सा, पापड, लोणचं यांतलं मीठ पाणी धरतं आणि तीन-चार दिवसांत ते उतरतं. बायकांनी पाळीच्या आधीच्या आठवड्याचा आकडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावा, आदल्या आठवड्याशी नको.

चौथ्या ते आठव्या आठवड्यात पट्टा बोलू लागतो. चामड्याच्या पट्ट्याची भोकं साधारण एक इंचावर असतात, म्हणजे एक भोक आत गेलं की अडीच सेंमी कमी झाले. पुरुषांत आतड्यांभोवतीची आतली चरबी आधी उतरते, त्यामुळे पोट लवकर हलतं. बायकांत मांड्या-नितंबांची चरबी शेवटपर्यंत चिवटपणे टिकते. ते शरीराने ठरवलेलं आहे. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही आणि मांड्या हलवून मांड्यांचीच जात नाही. शंभर क्रंचेस रोज केले तर पोटाचा स्नायू पक्का होईल, पण तो चरबीखालीच राहील.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फोटोत फरक दिसतो. खांद्याची कड उठते, बाजूच्या फोटोत पाठीचा बाक कमी होतो, सीटला भर येते. शर्ट पोटावर सैल आणि खांद्यात घट्ट होतो. बायकांना ब्लाउज मुंढ्यात आवळल्यासारखा आणि कमरेत ढगळ वाटतो. म्हणून या काळात टेलरकडे नवं शिवायला टाकलंच तर माया जास्त ठेवायला सांगा.

व्यायाम

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, पाऊण ते एक तास पुरतो. दरवेळी पुढच्या हालचाली.

बसणं-उठणं : डंबेल छातीशी उभं धरून मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत बसा. ३ सेट, म्हणजे तीन फेऱ्या, प्रत्येकीत ८ ते १२ वेळा. टाचा उचलल्या जात असतील तर टाचांखाली दोन-अडीच किलोच्या प्लेट ठेवा.

खुब्यातून वाकणं : दोन डंबेल किंवा रॉड मांड्यांना घासत नडगीच्या मध्यापर्यंत न्यायचा, गुडघे जरासेच दुमडलेले. ३ सेट, ८ ते १०. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण लोक खुब्याऐवजी पाठीतून वाकतात. आधी वजनाशिवाय लांब झाडूचा दांडा पाठीवर उभा धरा. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही दांड्याला टेकलेली राहिली पाहिजेत. एक जरी सुटलं तरी अजून वजन उचलायचं नाही.

ढकलणं : बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून रॉड वर ढकलणं) किंवा जोर. ३ सेट, ६ ते १२. जोर जमत नसतील तर हात ओट्यावर किंवा पलंगावर टेकून सुरू करा.

ओढणं : वाकून डंबेल पोटाकडे ओढा किंवा मशीनवर बार छातीकडे ओढा. ३ सेट, १० ते १२. खांदे रुंद दिसायला छातीपेक्षा हे जास्त कामाचं, आणि हेच सर्वांत जास्त टाळलं जातं.

डोक्यावर ढकलणं : २ सेट, ८ ते १०.

घेऊन चालणं : दोन्ही हातांत सारखं वजन घेऊन ३० ते ४० मीटर, तीन फेऱ्या.

दोन सेटच्या मध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती घ्या. सेट थांबवताना ‘आणखी दोन झाल्या असत्या, तिसरी नाही’ असं वाटलं पाहिजे. तिन्ही सेट वरच्या आकड्याला पोचले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. वजन, सेट, आकडा दरवेळी लिहा. जिममधला सरळ रॉड २० किलोचाच असेल असं धरू नका. बारीक रॉड सात-दहा किलोचेही असतात, एकदा काट्यावर टाकून पाहा.

जून ते सप्टेंबर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर पट्ट्यात पाऊस बाहेर पडू देत नाही, तेव्हा घरीही हे जमतं. पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन भरला की २० किलो होतो. १५ लिटरच्या दोन बादल्या घेऊन चालणं कुठल्याही मशीनपेक्षा कमी नाही. सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून एकेक किलो वाढवता येतो.

आपल्याकडे तालमीची परंपरा जिवंत आहे. बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात कुस्त्या लागल्या की आजही गर्दी होते. त्यामुळे ‘रोज दोनशे बैठका मारतो की’ हे उत्तर कायम ऐकू येतं. जोर उत्तमच आहेत, छाती आणि खांद्यांना ते पुरेसं ओझं देतात. पण विनावजन दोनशे बैठकांनी दम आणि चिकाटी वाढते, मांडीचा स्नायू फारसा वाढत नाही. स्नायू वाढायचा तर पाच ते तीसच्या आत कुठेतरी पाय थकायला हवेत. म्हणून बैठका वजन घेऊन मारा, किंवा मागचा पाय पाटावर ठेवून एकेका पायाने मारा. पैलवानांचा खुराक मात्र उचलू नका. तूप, बदामाची थंडाई त्यांना चालते, ते दिवसाचे कित्येक तास मातीत घाम गाळतात.

‘दिवसभर शेतात राबतो, मग आणखी कशाला?’ हाही प्रश्न रास्त आहे. शेतकाम रोज त्याच ओझ्याचं असतं. शरीर त्याला सरावलं की वाढ थांबते. तरी राबणाऱ्या माणसाला थकवा आधीच असतो, म्हणून त्याने दोन दिवस आणि दोन-दोनच सेट करावेत. निपाणीकडे दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायकांचं उलट आहे. त्यांचे खुबे आखडलेले असतात, तेव्हा पहिला महिना खुर्चीवरून बसणं-उठणं आणि रिकाम्या हाताने वाकणं एवढंच पक्कं करावं.

बायकांच्या मनातली भीती एकच असते, दंड पुरुषी होतील. तसं होत नाही. टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारं संप्रेरक बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी पटींनी कमी असतं. दोन किलोचे गुलाबी डंबेल तीस-तीस वेळा हलवून मात्र काहीच बदलत नाही.

ताटात काय हवं

रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी कमी, आणि वजन आठवड्याला एक टक्क्याहून जास्त उतरणार नाही असं बघा. ८० किलोच्या माणसाला हे ८०० ग्रॅम झाले. यापेक्षा वेगाने गेलात तर स्नायू वाचत नाहीत, व्यायाम कितीही करा.

प्रथिनं जे वजन गाठायचं आहे त्याच्या प्रत्येक किलोला दीड ग्रॅमच्या आसपास लागतात. लक्ष्य ७० किलो असेल तर १०५ ते ११० ग्रॅम. वाटीभर पातळ आमटीत पाच-सहा ग्रॅमच असतात, त्यामुळे ‘डाळ खातो की’ म्हणून भागत नाही. अंडी खाणाऱ्या शाकाहारी माणसाचा एक दिवस असा बसतो: दोन अंडी १२ ग्रॅम प्रथिनं, अर्धा लिटर दूध-दही १६, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स २६, ६० ग्रॅम डाळ घट्ट वरण करून १४, तीन ज्वारीच्या भाकऱ्या १८, शंभर ग्रॅम पनीर १८, मूठभर फुटाणे ६. एकूण ११० ग्रॅम, आणि तेल-भाजी धरून दोन हजार कॅलरींच्या आसपास. पनीर-सोया नको असेल तर दीडशे ग्रॅम बिनहाडाच्या कच्च्या चिकनमध्ये तीसेक ग्रॅम मिळतात, बांगड्यातही चांगली असतात. चिकोडी-निपाणीकडे भाकरी मुख्य आणि खानापूरकडे भात. भात खाणाऱ्यांनी तो दिवसात एकदाच, शिजलेला दीड वाटी घ्यावा आणि आधी आमटी-मासा ताटात वाढून मग उरलेल्या जागेत भात घ्यावा.

शेंगदाण्यात प्रथिनं आहेत, पण शंभर ग्रॅममागे साडेपाचशेहून जास्त कॅलरी आहेत, म्हणून शेंगदाणा चटणी चमच्याने मोजा. श्रावणातला साबुदाण्याचा उपास या सगळ्याला सर्वांत मारक. साबुदाण्यात प्रथिनं नसल्यातच जमा. उपास करायचाच तर ताक, दही, दूध, पनीर वाढवा. बेळगावची दुधाची मिठाई, कुंदा, सणाला खा, एक चमचा, जेवणानंतर लगेच.

वहीतले आकडे कसे वाचायचे

चार आठवड्यांचे आकडे शेजारी मांडा.

कंबर उतरतेय, काटा तसाच, उचललेलं वजन वाढतंय : उत्तम चाललंय, काही बदलू नका.

कंबर, दंड, मांडी सगळंच झपाट्याने उतरतंय आणि रॉडवरचं वजनही घटतंय : स्नायू जातोय. खाणं २०० कॅलरींनी वाढवा, प्रथिनं तपासा, झोप सात तास करा. दंड-मांडी उतरली पण उचललेलं वजन टिकलंय, तर काळजी नको, तिथलीही चरबीच गेली.

चार आठवडे कंबरही हलली नाही आणि काटाही नाही : कपात होतच नाही. तेल, चहातली साखर आणि शनिवार-रविवारचं खाणं आठवडाभर लिहून काढा.

कंबर आणि काटा दोन्ही वर : व्यायामाने भूक वाढली आणि ती पूर्ण भागवली गेली.

रक्तदाब जास्त असेल तर वजन उचलताना श्वास कोंडू नका, ढकलताना सोडा. मधुमेहावर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामाने साखर अचानक खाली जाऊ शकते. डॉक्टरांशी मात्रा ठरवून मगच सुरू करा आणि साखर जवळ ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नका. हर्निया असेल तर आधी तपासणी.

वीस-पंचवीस किलो उतरलं तर पोटाची कातडी थोडी लोंबतेच. स्नायूंनी दंड-मांड्यांचा सैलपणा काहीसा भरून निघतो, पोटाचा फारसा नाही. हवं ते वजन आल्यावर व्यायाम आठवड्यातून एक-दोन दिवसांवर आणला तरी स्नायू टिकतात, अट एवढीच की रॉडवरचं वजन कमी करायचं नाही. सेट कमी केले तरी चालतात. दोन महिने कंबर एका आकड्यावर स्थिर राहिली की मग टेलरकडे जुन्या पँटी आवळायला टाका.